नवरा म्हणतो, घर विकू आणि आरव्हीत राहू

अनघा (नाव बदललं आहे) डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून लिहितात:

«बारा वर्षं एच-वन-बीवर काढली. नोकरी बदलताना धास्ती, घर बदलताना धास्ती. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, मुलगा ऑस्टिनला कॉलेजला गेला आणि नवऱ्याच्या अंगात वारं शिरलं. तो आता स्वतंत्रपणे वेबसाइटची कामं करतो. माझी नोकरी घरूनच आहे, पण टीम पुण्यात, त्यामुळे सकाळी साडेसातपासून मीटिंगा. त्याचं म्हणणं, घर विकू, चाळीस फुटी फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात अडकवून ओढायची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर) आणि ती ओढायला पिकअप घेऊ, पत्ता साउथ डकोटाचा करू आणि कायम रस्त्यावर राहू. रोज रात्री व्हिडिओ दाखवतो. सासूबाई दर उन्हाळ्यात सांगलीहून येतात, त्यांचं काय? मुलगा सुट्टीत कुठे येईल? माझ्या मीटिंगच्या वेळी तो मागे चहाची भांडी वाजवतो, तेवढ्यानेही माझं डोकं फिरतं. हो म्हणू की नाही?»

अनघा,

तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, मुलगा आहे, घर आहे. या सगळ्यांची काळजी तुम्ही नीट मांडली आहे. स्वतःबद्दल मात्र एकच वाक्य लिहिलंत, तेही चहाच्या भांड्यांच्या आड लपवून. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

मी आणि माझा नवरा काही वर्षं असे राहिलो आहोत, दोघांच्या नोकऱ्या चालू ठेवून. तेव्हा आधीच सांगते, मी या प्रकाराच्या विरोधात नाही. पण पूर्णवेळ आरव्हीत राहून नोकरी करणाऱ्यांचं जगणं आणि तुमचे यजमान जे व्हिडिओ बघतात ते जगणं, यात बरंच अंतर आहे. व्हिडिओ करणाऱ्याचं काम म्हणजे फिरणं. तुमचं काम सोमवारी सकाळी साडेसातला पुण्याच्या टीमसमोर कॅमेरा सुरू करणं आहे. मागे ग्रँड कॅन्यन असो की पेट्रोल पंप, त्यांना काही फरक पडत नाही. आवाज तुटला तर मात्र पडतो.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम मत: दोघांपैकी ज्याच्या नोकरीला घड्याळ आहे, त्याच्या आठवड्यावर गाडी चालली पाहिजे. तुमच्या घरात ते घड्याळ तुमचं आहे. यजमानांचं काम रात्री अकराला झालं तरी चालतं, तुमचं चालत नाही. म्हणजे जागा बदलायची ती शनिवारी. रविवार हाताशी राखीव, कारण टायर, वायरिंग, पाण्याची गळती, काहीतरी निघतंच. एका ठिकाणी निदान दोन आठवडे, जमलं तर महिना. महिन्याचं भाडं दिवसाच्या हिशेबाने बरंच स्वस्त पडतं (वीज बहुतेक ठिकाणी मीटरप्रमाणे वेगळी), डिझेल वाचतं आणि गावातलं वाण्याचं दुकान, लाँड्री, दवाखाना माहीत होतो. मंगळवारी इथे, गुरुवारी तिथे असं करणाऱ्या नोकरदार जोडप्यांचा उत्साह पहिल्या काही महिन्यांतच ओसरलेला मी पाहिला आहे.

घड्याळाची आणखी एक गंमत. तुमची साडेसातची मीटिंग टेक्सासच्या वेळेची. हिवाळ्यात ॲरिझोनात गेलात तर ती साडेसहाला. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये तिथेच बसून तीच मीटिंग साडेपाचला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तर वर्षभर साडेपाच. दुपारी अडीच-तीनला मोकळं व्हायला मिळतं हा फायदा, आणि तो मोठा आहे. पण पहाटे पाचला उठणारी तुम्ही आणि रात्री एकपर्यंत काम करणारे यजमान, दोघंही एकाच पातळ भिंतीच्या घरात. कोण कुठे झोपेल, कोण कुठे बोलेल, हे घराचा आराखडा बघतानाच ठरवायचं.

आणि म्हणून दार. पडदा नव्हे, सरकता पार्टिशनही नव्हे. खिटी बसणारं दार. बहुतेक फिफ्थ व्हीलमध्ये शोरूममध्ये शिरल्यावर डोळे दिपतात: फायरप्लेस, मोठा सोफा, किचनमध्ये मधोमध ओटा. पण दुसरी व्यक्ती काम कुठे करणार, असं विचारलं की विक्रेता जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवतो. तुम्ही तो आराखडा बघा ज्यात मुलांसाठी बंक बेडची वेगळी खोली असते. नोकरी करणारे पुष्कळ जण तेच घेतात, बंक काढून टाकतात आणि तिथे टेबल लावतात. ती खोली तुमची. चहाची भांडी मग वाजोत. मुलगा सुट्टीत आला तर एक बंक ठेवून घ्यायचा, तो तिथे झोपेल.

आता त्या चाळीस फुटी गाडीबद्दल. यजमानांनी पिकअपचं मॉडेल पक्कं केलं असेल तर त्यांना ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला, कुलूप अडकतं त्या बाजूच्या खांबावर लावलेलं स्टिकर वाचायला सांगा. माणसं आणि सामान मिळून किती पाउंड, ते त्यावर लिहिलेलं असतं. फिफ्थ व्हीलचा भार पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांवर येतो, आणि तो ट्रेलरच्या वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के असतो. 16,000 पाउंडांचा ट्रेलर म्हणजे 3,200 ते 4,000 पाउंड. थ्री-क्वार्टर-टन म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पिकअपचं स्टिकर याच्या आतच संपतं, आणि त्यात तुम्ही दोघं, हिच (ट्रेलर अडकवायचा सांधा) आणि हत्यारांची पेटी अजून मोजलेली नाही. जाहिरातीत «इतकं ओढते» हा आकडा मोठ्ठा छापतात. तुम्हाला हवा तो आकडा दारावर आहे. ट्रेलरचं «ड्राय वेट»ही रिकाम्या घराचं असतं. एक गॅलन पाणी 8.3 पाउंडांचं, साठ गॅलनची टाकी भरली की पाचशे पाउंड तिथेच. तुमचं पोळपाट-लाटणं, मिक्सर, पुस्तकं, दोन मॉनिटर हे त्यावर.

शिवाय टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरची मिळून नोंदवलेली क्षमता 26,000 पाउंडांच्या वर गेली की साधं लायसन्स पुरत नाही, बिगर-व्यावसायिक क्लास ए लागतं. त्याची परीक्षा आहे. आणि ती तुम्हीही द्यायची, यावर मी हटून बसेन. नेवाडाच्या रस्त्यावर यजमानांना फणफणून ताप आला तर घर तिथून हलवणार कोण? लांबीचंही बघा. बऱ्याच नॅशनल पार्कमधली कॅम्पग्राउंड जुनी, लहान गाड्यांच्या जमान्यातली आहेत. चाळीस फुटांना तिथे जागा मिळणं मुश्किल. तीस-बत्तीस फुटांत बंकच्या खोलीचे आराखडे मिळतात. मी तेवढ्यावर थांबेन.

मागे घेणं, म्हणजे रिव्हर्स, हे प्रकरण वेगळंच. संध्याकाळची वेळ, शेजारपाजारचे लोक खुर्च्या टाकून करमणूक बघत बसलेले, एक जण ट्रकमध्ये, दुसरा मागे हातवारे करतोय. संसार मोडायचे असतील तर इथे मोडतात. त्यावर उपाय सोपा आहे: हातवारे बंद, दोघांचे फोन चालू, आणि «तुझ्या डावीकडे» न म्हणता «ड्रायव्हरच्या बाजूला» म्हणायचं. आणि अंधार पडायच्या आत पोचायचं.

साउथ डकोटाचं खूळ मात्र आत्ताच काढून टाका. तिथे राज्याचा आयकर नाही आणि फिरत्या लोकांना पत्ता मिळणं सोपं जातं, म्हणून पूर्णवेळ आरव्हीवाले तिथे जातात, हे खरं. पण टेक्साससुद्धा आयकर घेत नाही! तुम्ही जिथे आहात तिथेच आहात. टपालासाठी टेक्सासमध्येच सोय आहे: लिव्हिंग्स्टन गावात एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा जुना क्लब आहे, 1978 पासूनचा. त्यांची टपाल पुढे पाठवायची सेवा हजारो लोक वापरतात. मुलगा टेक्सासचा रहिवासी म्हणून कमी फी भरत असेल, तर आईवडिलांचा पत्ता दुसऱ्या राज्यात नेण्याआधी विद्यापीठाच्या कार्यालयात विचारायलाच हवं. कशाला ती भानगड?

ग्रीन कार्डाचंही आहे. पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-11 हा फॉर्म भरून सरकारला कळवायचं, हे बंधन तुम्हाला अजून लागू आहे. पुढे नागरिकत्वाचा अर्ज कराल, तेव्हा अर्जाआधीचे निदान तीन महिने त्या राज्यात किंवा त्या जिल्हा-कार्यालयाच्या हद्दीत राहिल्याचं दाखवावं लागतं, आणि पाच वर्षांतले पत्ते लिहावे लागतात. टपालपेटीचा पत्ता म्हणजे राहतं घर नव्हे. निघण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एक बैठक घ्या आणि कुठल्या तारखेला कुठे होता याची वही ठेवा. कॅम्पग्राउंडच्या पावत्या फेकू नका.

(हे वाचणाऱ्या एच-वन-बीवाल्यांसाठी, कारण हा प्रश्न येणारच: तुमची मंजुरी कामाच्या जागेशी बांधलेली असते. त्या परिसराबाहेर जाऊन काम करायचं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागतो. दर महिन्याला नवं गाव हे तुम्हाला जमणारं नाही. सुट्टीत भाड्याने गाडी घ्या, मजा करा, परत या.)

तुमच्या कंपनीला सांगितलंय का? पत्रात नाही म्हणून विचारते. «घरून काम» म्हणजे «कुठूनही काम» असं बहुतेक कंपन्या धरत नाहीत. तुम्ही ज्या राज्यात प्रत्यक्ष बसून काम करता, ते राज्य त्या दिवसांच्या पगारावर कर मागू शकतं, कॅलिफोर्निया मागतंच. पगारातून करकपात करायची जबाबदारी कंपनीवर येते, आणि हे त्यांना व्हीपीएनच्या नोंदीवरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. कुठल्या राज्यांत किती दिवस चालेल, ते एचआरकडून लेखी घ्या. हिवाळा न्यू मेक्सिकोत काढावा की नेवाडात, फ्लोरिडात की टेनेसीत, हे त्या कागदावरून ठरेल. आरोग्य विम्याचंही त्याच बैठकीत विचारा. एचएमओ (ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरता विमा) असेल तर डॅलसबाहेर इमर्जन्सीशिवाय फारसं काही मिळायचं नाही.

आता स्वयंपाकघर, कारण आपल्या लोकांचं आरव्हीतलं घोडं तिथेच अडतं. वीज दोन प्रकारची मिळते, 30 अँपियर आणि 50. तीस म्हणजे सगळी मिळून 3,600 वॅट. सकाळचे अकरा वाजलेत, बाहेर शंभर डिग्री, एसी चालू: दीड हजार गेले. इन्स्टंट पॉटमध्ये वरण-भात लावलाय, हजार गेले. यजमान कालची भाजी गरम करायला मायक्रोवेव्ह लावतात, तो दीड हजार ओढतो. खट्. अंधार. राउटर बंद, आणि पुण्याची टीम विचारते, «अनघा, आर यू देअर?» म्हणून गाडी पन्नास अँपियरची घ्या, तिला तीनपट वीज मिळते. पण जुन्या पार्कमध्ये खांबावर तीसच असते, म्हणून राउटर आणि मॉडेमला छोटा यूपीएस लावून टाका, आणि कामाच्या वेळात कुकर गॅसवर. खांबाला गाडी जोडण्याआधी मध्ये सर्ज प्रोटेक्टर हवाच. खराब वायरिंगच्या एका खांबाने एसी आणि फ्रिज दोन्ही जाळल्याची उदाहरणं कमी नाहीत.

फोडणीने धुराचा अलार्म वाजतो. मोहरी तडतडली की हाही वाजलाच. तो काढून ठेवू नका. एवढ्याशा घरात प्रोपेन जळतो, अलार्म जिवाचा आहे. फोडण्या, मासे, तळण बाहेर, छताखालच्या दोन बर्नरच्या शेगडीवर. (अस्वलांच्या भागात बाहेर काही मांडून ठेवू नका, तिथल्या सूचना वाचा.) हिंग हवाबंद बरणीत, नाहीतर तुमच्या ऑफिसच्या खुर्चीलाही वास लागेल. हळदीचे डाग त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सिंकवरून जात नाहीत, हे आधीच मान्य करून टाका. भात शिजला की थंडीत खिडक्यांवरून पाणी गळतं. डीह्युमिडिफायर लागेल, नाहीतर गादीखाली बुरशी धरते.

संडासाचंही स्पष्ट बोलू, कारण व्हिडिओत ते वेगाने पुढे ढकलतात. मैल्याची टाकी वेगळी, सिंक-आंघोळीच्या पाण्याची वेगळी. गटाराची जोडणी असली तरी मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवायचा नाही. पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत थिजतं. टाकी भरत आली की आधी ती सोडायची, मग सिंकच्या पाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. आपल्याकडचा जेट बसवला तर टाकी लवकर भरते, पण या टाकीत पाणी जितकं जास्त तितकं बरं. बिनधास्त बसवा. हे काम आळीपाळीने करायचं की कायम यजमानांनी, ते निघण्याआधी ठरवा. माझं मत विचाराल तर, कल्पना ज्याची, हातमोजे त्याचे.

इंटरनेटवर मी काटकसर करणार नाही. कॅम्पग्राउंडचं वायफाय मीटिंगसाठी नाही असंच धरून चाला. स्टारलिंक (उपग्रहावरून येणारं इंटरनेट) आणि एका मोबाइल कंपनीचं वेगळं कनेक्शन, दोन्ही. स्टारलिंकला मोकळं आकाश लागतं, मोबाइलला टॉवर; पाइनच्या दाट झाडीत पहिलं पडतं, दरीत दुसरं. दोन्ही पडतात अशी सुंदर जागा सापडली तर तिथे शनिवार-रविवार राहा. बीएलएम या केंद्र सरकारच्या खात्याच्या मोकळ्या जमिनीवर फुकट राहण्याचं यजमानांना आकर्षण असेल: साधारणपणे 28 दिवसांत 14 दिवस राहू देतात. तिथे वीज नाही, पाणी नाही, म्हणजे एसीही नाही. तुमच्या नोकरीच्या आठवड्यासाठी ती जागा नव्हे.

घर विकू नका. भावनेपोटी म्हणत नाही. विकायच्या आधीच्या पाच वर्षांत निदान दोन वर्षं तुम्ही त्या घरात राहिला असाल, तर नवरा-बायकोच्या एकत्रित रिटर्नवर 5 लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर केंद्रीय कर लागत नाही. म्हणजे भाड्याने देऊन तुम्ही साधारण तीन वर्षांपर्यंत निर्णय लांबवू शकता आणि ती सूट हातची जात नाही. (भाड्याच्या काळातला घसारा त्यातून वगळतात, करसल्लागाराला विचारा. राहत्या घरावरच्या मालमत्ता करातली होमस्टेडची सवलत जाऊ शकते आणि विम्याची पॉलिसी बदलावी लागते, तेही बघा.) उलट आरव्हीची किंमत दुकानातून बाहेर पडल्याक्षणी खाली येते आणि येतच राहते. वापरलेली घ्या, रोखीने जमली तर फारच छान. विमा घेताना «यात पूर्णवेळ राहणार» हे सांगून घ्या, कारण साधी पॉलिसी सुट्टीपुरती असते. नव्या गाडीच्या वॉरंटीतही पूर्णवेळ राहण्याला बऱ्याचदा नकार लिहिलेला असतो.

सासूबाई. त्यांना विचारलंत का? तुमच्या पत्रात त्यांची अडचण आहे, त्यांचं मत नाही. सांगलीहून येऊन डॅलसच्या उपनगरात चार महिने खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसणाऱ्या सासवांपैकी काही जणींना कॅम्पग्राउंडवरची वर्दळ आवडते. येणारे-जाणारे हात करतात, कुत्र्यांची चौकशी होते. गुडघे दुखत असतील तर मात्र फिफ्थ व्हीलच्या पायऱ्या आणि वरच्या अंगाची झोपायची खोली त्यांना नको. केओएसारख्या साखळीच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर आरव्हीच्या जागेशेजारी लाकडी केबिनही भाड्याने मिळतात. त्या आल्या की पहिल्या वर्षी महिना-दोन महिने एका जागी थांबा, मोठं इस्पितळ अर्ध्या तासावर असेल असं गाव निवडा आणि प्रवासी विमा सांगलीतूनच तपासून घ्या. त्यांना हे पटलं नाही, तर एखाद्या उन्हाळ्यात तुम्हीच सांगलीला जाऊन या. तसंही ग्रीन कार्ड आल्यावर तुम्ही निवांतपणे गेला नसाल.

तर माझं उत्तर: एका वर्षासाठी हो; या गाडीला नाही, घर विकायला नाही. आणि त्या «हो»च्या आधीही एक काम. येत्या महिन्यात एक ट्रेलर भाड्याने घ्या आणि लेक लुईसव्हिलच्या काठावरच्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर दोन आठवडे राहा. रजा काढायची नाही, दोघांनीही नेहमीसारखं काम करायचं. घर इतकं जवळ असेल की विसरलेला चार्जर आणता येईल, पण रात्री झोपायला घरी जायचं नाही. मधल्या शनिवारी जागा मोडून दुसऱ्या जागेवर जा, त्यातलं अर्धं अंतर ट्रक तुम्ही चालवा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, व्हिडिओ बंद ठेवून, यजमानांना विचारा की पुढच्या सोमवारी ते तुमच्या मीटिंगच्या वेळी कुठे असतील. उत्तर लगेच आलं तर गाडी बघायला जा.

भाड्याचा ट्रेलर ठरवताना तो मालक स्वतः जागेवर आणून लावून देतो का ते विचारा, बरेच जण देतात. मैल्याची टाकी रिकामी करून परत द्यायची की त्याचे वेगळे पैसे, हेही आधीच लिहून घ्या.